रायगडावर 249 ग्रॅमचा ड्रोन: नकाशा हिरवा असला तरी अडवतात का?

प्रश्न
डीजेआय मिनी 3 आहे, वजन 249 ग्रॅम, शूटिंग फक्त हौशीसाठी. डिजिटल स्कायच्या (सरकारच्या ड्रोन पोर्टलच्या) नकाशात जागा हिरवी असेल तर रायगडावर परवानगी लागते का? गडावर चालत नसेल तर पायथ्याच्या पाचाडातून उडवून टकमक टोकाचा शॉट घेता येईल?

गडवाट
हिरवा रंग आभाळाचा, जमिनीचा नाही. ड्रोन नियम 2021 नुसार ग्रीन झोनमध्ये 400 फुटांपर्यंत (120 मीटर) उड्डाण-परवानगी लागत नाही आणि 250 ग्रॅमपर्यंतच्या नॅनो गटातल्या ड्रोनला पायलट सर्टिफिकेटही लागत नाही. पण रायगड केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. तिथे पुरातत्त्व खात्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते, अर्ज भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मुंबई मंडळाकडे. अर्जात तारीख, वेळ, नेमकी जागा, मॉडेल आणि वजन लिहा. मंजुरी आली की छापील प्रत सोबत ठेवा, गडावर मोबाइलच्या रेंजचा भरवसा नाही. राजगडासारखा किल्ला असेल तर हाच अर्ज राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे.

जाता जाता, स्मारकाभोवतीच्या 100 आणि 200 मीटरच्या हद्दीचा दाखला काही जण देतात. ती हद्द बांधकामासाठी आहे, ड्रोनसाठी नाही.

पंखा_चौथा
पाचाडचा बेत सोडा. रोपवेच जवळजवळ 400 मीटर चढतो. खालून 120 मीटरवर गेलात तर कॅमेऱ्यासमोर नुसता कडा येईल, टोक नाही. मर्यादा वाढवून वर नेलात तर नियम मोडला. शिवाय कड्याआड गेला की सिग्नल तुटतो आणि ड्रोन आपणहून घरी निघतो. आरटीएचची (अशा आपोआप परतीची) उंची 60 मीटर ठेवली असेल तर वाटेतल्या उंचवट्याला धडकणार, कारण साध्या मिनी 3 ला पुढचे सेन्सर नाहीत, फक्त खालचे आहेत. रोपवेची तार तर त्याला दिसतच नाही.

आता उलट बाजू. रीतसर परवानगी घेऊन गडावरून उडवलात तरी ॲपमधली उंची टेकऑफच्या जागेपासून मोजलेली असते. टोकाच्या पुढे सरकलात की स्क्रीनवर 20 मीटर दिसत असतात आणि खाली दरी काही शे मीटर. नियमातले 400 फूट जमिनीपासूनचे, म्हणजे कडा ओलांडताक्षणी तुम्ही ग्रीन झोनच्या वर गेलात. बहुतेकांची चूक इथेच होते. वाऱ्याचंही बघा: मिनी 3 सेकंदाला 10.7 मीटरपर्यंतचा वारा झेलतो, कड्यावरचे झोत त्याहून जोरात असू शकतात. पहिला टप्पा वाऱ्याच्या विरुद्ध उडवा, म्हणजे परतताना बॅटरी पुरते. तोफांजवळ कंपास कॅलिब्रेट करू नका.

सह्यकडा
दोन गोष्टी राहिल्या. पोलीस अधीक्षक दर्जाचे अधिकारी एका वेळी 96 तासांपर्यंत तात्पुरता रेड झोन (उड्डाणबंदीचा भाग) जाहीर करू शकतात, त्यामुळे 6 जूनच्या शिवराज्याभिषेक सोहळ्याच्या आसपास जाणार असाल तर नकाशा त्याच सकाळी पुन्हा उघडा. आणि कड्यांवर आग्या मोहोळ असतं. पंख्यांनी माश्या उठल्या तर त्या ड्रोनला सोडून माणसांच्या मागे लागतात. पोळं दिसलं तर तिथे उडवूच नका.

प्रश्नकर्ता
जास्त वेळ चालणारी प्लस बॅटरी लावली तर?

पंखा_चौथा
वजन 290 ग्रॅमच्या घरात जातं, म्हणजे नॅनो संपला, मायक्रो हा पुढचा वजनगट सुरू. हौशी वापराला पायलट सर्टिफिकेट तेव्हाही लागत नाही, पण टाइप सर्टिफिकेटची (मॉडेलच्या सरकारी मान्यतेची) सरसकट सूट नॅनोला आहे; त्याहून जड ड्रोनला ती हौशी वापरात, ड्रोन नजरेच्या टप्प्यात ठेवला तरच मिळते. साधीच बॅटरी लावा.