अक्षर कोरीव दिसेल असा परवडणारा मॉनिटर : तुमचे अनुभव सांगा

घरून काम सुरू झाल्यापासून चोवीस इंची फुल एचडी पडद्यावर मी रोज आठ-नऊ तास मजकूर वाचतो. चष्म्याचा नंबर तपासून घेतला, खोलीतला दिवा बदलला, तरी संध्याकाळी डोळे चुरचुरतात. आता २५,००० रुपयांच्या आत नवा मॉनिटर घ्यायचा आहे. गेम खेळत नाही, सिनेमा क्वचित. मराठी आणि इंग्रजी मजकूर छापील पानासारखा दिसावा, एवढीच गरज आहे.

थोडा हिशेब करून पाहिला. माझ्या आत्ताच्या पडद्यावर इंचाला साधारण ९२ पिक्सेल (चित्राचे ठिपके) बसतात; ते जितके जास्त तितकं अक्षर कोरीव. २७ इंची क्यूएचडीवर (२५६० × १४४०) १०९, ३२ इंची फोरकेवर (३८४० × २१६०) १३८ आणि २७ इंची फोरकेवर १६३. पण आकडे वाचणं वेगळं आणि रोज समोर बसणं वेगळं. तुम्ही काय घेतलं, कशात फसलात, पुन्हा घ्यायचा झाला तर आधी काय बघाल, ते लिहा.

नाशिक, मुद्रितशोधन

हा माझ्या पोटापाण्याचा विषय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

देवनागरीत जोडाक्षरं आहेत, शिरोरेषेच्या वर मात्रा, रफार, अनुस्वार यांची गर्दी आहे आणि खाली उकार. तेवढ्याच उंचीत रोमन अक्षराला जेवढे पिक्सेल पुरतात तेवढे आपल्या अक्षराला पुरत नाहीत. ‘सर्वांत मोठा’ आणि ‘सर्वात मोठा’ हे घ्या. रफाराला चिकटून बसलेला तो अनुस्वार फुल एचडीवर मला दिसायचाच नाही. ‘प्रसिद्ध’ आणि ‘प्रसिध्द’ यांत तर लहान टायपात दोन्हीकडे नुसता काळा ठिपका. मग पान २०० टक्के मोठं करायचं. ते केलं की ओळी कशा तुटल्यात, परिच्छेद कुठे लोंबतोय, हे नजरेआड जातं. दिवसभर मोठं-लहान, मोठं-लहान.

दोन वर्षांपूर्वी २७ इंची फोरके घेतला, आयपीएस पॅनेलचा (बाजूने पाहिलं तरी रंग फारसे बदलत नाहीत असा). विंडोजमध्ये स्केलिंग, म्हणजे पडद्यावरचं सगळं मोठं दाखवायची सेटिंग, १५० टक्के ठेवलं. त्यामुळे अक्षरांचा आकार क्यूएचडीवर असतो तेवढाच राहतो, पण प्रत्येक अक्षर जास्त ठिपक्यांनी काढलं जातं. पहिल्या दिवशी एक जुनं, दोनदा तपासलेलं हस्तलिखित उघडलं आणि पहिल्या वीस पानांत सुटलेले सात अनुस्वार सापडले. वाईट वाटलं, कारण ते पुस्तक छापून झालं होतं.

अडचण एकच आली. मांडणीचं जुनं सॉफ्टवेअर या स्केलिंगमध्ये धुरकट दिसायला लागलं. त्याच्या आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, त्यात कम्पॅटिबिलिटी, त्यात हाय डीपीआय सेटिंग, आणि तिथे ‘सिस्टिम (एन्हान्स्ड)’ निवडलं. बरंच सुधारलं. तुम्ही जुनी सॉफ्टवेअर वापरत असाल तर आधी याची खात्री करा.

पुणे, मॅकवाले

ताईंचा ‘सर्वांत’चा दाखला अगदी पटला. मी पैसे वाचवायला २७ इंची क्यूएचडी आणला. विंडोजवर तो मित्राकडे छान दिसत होता, माझ्या मॅकबुकवर अक्षरं जाड आणि विरघळल्यासारखी. मॉनिटरचा दोष नव्हता. २०१८ च्या मोहावे या मॅकच्या आवृत्तीपासून ॲपलने अक्षरांच्या कडा गुळगुळीत करायची जुनी पद्धत, ज्यात पिक्सेलचे लाल-हिरवे-निळे भाग वेगवेगळे वापरले जात, बंद केली. म्हणून कमी घनतेच्या पडद्यावर मॅकचा मजकूर विंडोजपेक्षा मऊ दिसतो. क्यूएचडी भाचीला दिला आणि फोरके घेतला. मॅक असेल तर मधल्या पायरीवर थांबू नका.

कोल्हापूर, हिशेबाचं काम

माझा सगळा मनस्ताप केबलपायी झाला. फोरके आणला, जोडला, चित्र सुरेख. पण माउसचा बाण बोटामागे रेंगाळत यायचा आणि एक्सेल वरखाली करताना ओळी अडखळायच्या. चार दिवस मॉनिटरच बिघडलेला समजून परत करायच्या तयारीत होतो. शेवटी डिस्प्ले सेटिंगमध्ये पाहिलं तर ३० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तीसच चित्रं! माझ्या जुन्या लॅपटॉपचा एचडीएमआय पोर्ट १.४ आवृत्तीचा आणि तो फोरकेला तेवढंच देऊ शकतो. ६० हर्ट्झला एचडीएमआय २.० लागतं किंवा डिस्प्लेपोर्ट १.२. नशिबाने लॅपटॉपला टाइप-सी पोर्ट होता आणि त्यातून चित्र बाहेर पडत होतं (सगळ्याच टाइप-सीतून पडत नाही). टाइप-सी ते डिस्प्लेपोर्ट केबल आणली आणि त्या क्षणी बाण बोटाबरोबर पळायला लागला.

मॉनिटर ठरवण्याआधी लॅपटॉपच्या कडेला कोणती भोकं आहेत, ते बघा.

डोंबिवली

फोरके टीव्ही स्वस्त पडतो म्हणून ४३ इंची टीव्ही टेबलावर ठेवला. दोन गोष्टी लक्षात आल्या. ४३ इंचांवर फोरके पसरलं की इंचाला १०२ पिक्सेलच उरतात, म्हणजे क्यूएचडी मॉनिटरहून कमी. आणि निळ्या पार्श्वभूमीवरची लाल अक्षरं फाटलेली दिसायची. बऱ्याच टीव्हींमध्ये रंगाची माहिती अर्धी-पाव करून दाखवली जाते. सिनेमात ते कळत नाही, मजकुरात लगेच कळतं. इनपुटचं नाव ‘पीसी’ केल्यावर माझ्या टीव्हीवर ते गेलं, पण मान उजवीकडे-डावीकडे फिरवून खांदा धरला. आता तो बाहेरच्या खोलीत आहे.

मोठा पडदाच हवा असेल तर करामुळे अडू नका. ३२ इंचांवरच्या मॉनिटरना पूर्वी २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तोही १८ झाला.

छत्रपती संभाजीनगर, विद्यार्थिनी

ज्यांना फोरके झेपत नाही त्यांच्यासाठी लिहिते. २४ इंची क्यूएचडीही मिळतो, इंचाला १२२ पिक्सेल. हॉस्टेलच्या टेबलावर २७ इंची मावतच नव्हता. स्केलिंग १२५ टक्के केलं आहे. जुना लॅपटॉपही तो पडदा सहज चालवतो, पंखा घोंघावत नाही. मी खूश आहे.

मुंबई

मी लॅमिंग्टन रोडवरून घेतला, दुकानात चालू करून बघून. पूर्ण काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा असे पाच रंग पडदाभर लावले आणि एक मेलेला पिक्सेल सापडला. दुकानदाराने कुरकुर न करता दुसरा नग काढला. ऑनलाइन घेतलेल्या आधीच्या मॉनिटरला असाच ठिपका होता, तेव्हा ‘एक-दोन ठिपके वॉरंटीत बसत नाहीत’ असं उत्तर मिळालं होतं. ऑनलाइन घेणारच असाल तर खोकं फोडताना चित्रीकरण करा आणि परतीची मुदत संपायच्या आत हे पाच रंग लावा.

खोक्यावरच्या ‘एचडीआर’ला (उजेड-अंधाराचा जास्त फरक दाखवणाऱ्या चित्राला) जादा पैसे देऊ नका. या किमतीत त्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच की मॉनिटर तो सिग्नल स्वीकारतो. तेवढा उजेड त्याच्यात नसतो. त्यापेक्षा वरखाली होणारा स्टँड घ्या.

श्टुटगार्ट, जर्मनी

एकाच टाइप-सी केबलने चित्र, चार्जिंग आणि यूएसबी हब (माउस, कीबोर्ड वगैरे जोडायची जागा) देणारा फोरके घेतला. टेबल मोकळं झालं, पण कोल्हापूरच्या दादांसारखाच ३० हर्ट्झवर अडकलो, केबल चांगली असूनही. माझ्या लॅपटॉपबरोबर हबला वेगवान यूएसबी दिलं की चित्रासाठी वाट अर्धीच उरते. मॉनिटरच्या मेनूत यूएसबी २.० निवडलं आणि ६० मिळाले. इथे ऑनलाइन खरेदी १४ दिवसांत कारण न देता परत करता येते, म्हणून निवांत प्रयोग करता आले.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी लॅपटॉप आणि माझ्याच कामाची एक पीडीएफ घेऊन दुकानात गेलो. २७ इंची क्यूएचडी आणि फोरके शेजारी ठेवून घेतले, टेबलावर असतो तेवढ्या अंतरावर, दोन फुटांवर बसलो आणि ‘सर्वांत’ शोधला. क्यूएचडीवर अनुस्वार आहे हे माहीत होतं म्हणून दिसला. फोरकेवर शोधावा लागला नाही. २३,५०० ला तो घेतला. सेटिंगमध्ये ६० हर्ट्झ दिसतंय, पाचही रंग लावून झाले, ठिपका नाही. नाशिकच्या ताई, स्केलिंग १५० वरच ठेवलंय.