जून-जुलैत मालवणला सुरमई थाळी मागावी का? (आणि सोलकढी फुटते त्याचं काय)

उजनीकर
नमस्कार मंडळी. आम्ही मूळचे सोलापूरकडचे, आता पुण्यात, त्यामुळे आमच्यासाठी मासे म्हणजे उजनीचा चिलापी नाहीतर भिगवणला हायवेवर थांबून हाणलेली मच्छी. गेल्या आठवड्यात कुटुंबाला घेऊन मालवणला जाऊन आलो. पाऊस नुसता कोसळत होता, किनाऱ्यावर सगळ्या होड्या वर ओढून झाकून ठेवलेल्या, समुद्रात एक बोट दिसेल तर शपथ, आणि हॉटेलच्या बोर्डावर मात्र सुरमई, पापलेट, हलवा, कोळंबी सगळं हजर. तेव्हा काही डोक्यात आलं नाही, भूक लागलेली, सरळ सुरमई थाळी सांगितली. तुकडा दिसायला एक नंबर, ताटाबाहेर जाईल एवढा, वर रव्याचा कडक पापुद्रा, पण आत नुसता कापूस. चावतोय चावतोय, रवा आणि तिखट सोडून दुसरी कसली चवच नाही. साडेपाचशे रुपये ताट हो. शेजारच्या टेबलवर गावातलेच कोणी आजोबा होते, त्यांच्या ताटात बोटाएवढे चंदेरी मासे तळलेले, काटा एका झटक्यात बाजूला काढायचे आणि पुढचा उचलायचे. बायको म्हणाली विचारा ना ते काय खातायत, मी विचारलं नाही आणि तेच आता डोक्यात बसलंय.

तर प्रश्न असे की तो मासा शिळा होता का बर्फातला, हॉटेलात बसल्यावर हे ओळखायचं कसं, आणि मालकाला राग न येता विचारायचं कसं. जाता जाता अजून एक, घरी आल्यावर सोलकढी केली, आईला गार चालत नाही म्हणून जरा गॅसवर ठेवली तर वर पांढऱ्या गाठी आणि खाली गुलाबी पाणी. दोनदा असंच झालं. काय चुकतंय?

बंदरावरचो
दादा, 1 जून ते 31 जुलै आपल्याकडे यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, महाराष्ट्रात पण आणि गोव्यात पण. माशांचे विणीचे दिवस असतात आणि समुद्र पण खवळलेला असतो. बिनइंजिनाच्या छोट्या होड्यांना सूट आहे पण त्या पावसात सुरमईच्या मागे खोल पाण्यात थोड्याच जाणार. म्हणजे त्या दिवसात ताटात आलेली सुरमई एकतर मे महिन्यात पकडून फ्रीझरला टाकलेली नाहीतर ट्रकमधून बर्फात आलेली. पूर्व किनाऱ्याची बंदी 15 एप्रिलला सुरू होते आणि 14 जूनला संपते, त्यामुळे जूनच्या शेवटाला तिकडचा माल इकडे येतो. हॉटेलवाला खोटं बोलला असं नाही, सुरमई ती सुरमईच, फक्त ती मालवणची नाही.

आजोबा खात होते ते बहुतेक मुडदुशे. खाडीतला मासा, पावसात हमखास मिळतो, आणि आमच्याकडे पाहुणा आला की पहिला तोच तळतात. पावसाळ्यात आम्ही घरी काय खातो सांगू का, मुडदुशे, शेंगटी, खाडीची कोळंबी, खेकडे, पहिल्या पावसात शेतात चढणीचे मासे, आणि काहीच नसेल तर सुका बांगडा भाजून वर कच्चं खोबरेल आणि पेज. सुरमईचं नाव पण निघत नाही. तुम्ही लोक घाटावरून येताना नाव ठरवूनच येता, सुरमई नाहीतर पापलेट, मग हॉटेलवाला काय करणार, नाही म्हटलं तर तुम्ही उठून शेजारी जाता. राग मानू नका, पण रोज बघतो हे.

विचारायचं सोपं आहे. "सुरमई ताजी आहे का" असं विचारूच नका, त्याचं उत्तर हो हेच असतं. "आज खाडीचा काय गावला?" असं विचारा. चांगला मालक असेल तर चेहराच बदलतो, आतून बायकोला हाक मारून विचारतो.

नारळीपौर्णिमा
वरच्या प्रतिसादाला शंभर टक्के. शिवाय मेनूकार्ड न देता फळीवर खडूने लिहिणारं हॉटेल बघावं, रोज पुसून लिहितात त्यांच्याकडे निदान रोज काहीतरी बदलतं तरी.

तुकड्यावरून ओळखायचं तर रवा जरा बाजूला करून बघायचं. ताज्या सुरमईचे पदर सुटतात, ओलसर असतात, मधल्या काट्याला जरा धरून राहतात. फ्रीझरमधून काढून, वितळवून, उरला म्हणून परत गोठवलेला असेल तर पाणी सगळं निघून गेलेलं असतं, मग तुम्ही म्हणता तसा कापूस होतो नाहीतर दोऱ्यासारखा सुटतो. आणि रव्याचा थर जितका जाड तितकी मला शंका जास्त. आमच्या घरी सुरमईला आगळ (कोकमाचा आंबट रस), हळद, तिखट, मीठ आणि वरून तांदळाच्या पिठात जेमतेम घोळवणं, बास. रवा बांगड्याला पण नको वाटतो मला, पण ते ज्याचं त्याचं.

बांगड्याचं एक लक्षात ठेवा. बांगडा, कुपा (म्हणजे टूना), सुरमई हे मासे बर्फाशिवाय राहिले की त्यात हिस्टामाइन तयार होतं आणि ते शिजवून तळून जात नाही. पहिल्या घासाला जिभेला मिरी लागल्यासारखं चुरचुरलं, ओठ खाजले, तर तिखट आहे म्हणून पुढे खाऊ नका, ताट सरकवा. थोड्या वेळाने अंग लाल होतं, डोकं दुखतं. मला मासे सोसत नाहीत म्हणणाऱ्यांपैकी काहींना खरं तर हेच झालेलं असतं.

मस्कतचा_पाहुणा
मी थोडं उलटं बोलतो. बर्फातला मासा म्हणजे वाईट हे आपल्याकडे उगाच डोक्यात बसलंय. बोटीवर पकडल्या पकडल्या नीट गोठवलेला आणि एकदाच वितळवलेला मासा हा तीन दिवस बंदरात अर्धवट बर्फात पडलेल्या "ताज्या"पेक्षा कधीही चांगला. मी ओमानमध्ये आहे, इथे सुरमईला कनाद म्हणतात, इथली सुरमईची बंदी ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत असते म्हणजे तुमच्याकडे जून-जुलैत बंद असते तेव्हा इकडे चालू. तेव्हा तुम्हाला बर्फाने मारलं नाही, हलगर्जीपणाने मारलं. भांडंभर कोमट पाण्यात घालून घाईघाईने वितळवायचं आणि मग जास्त वेळ तळायचं, कुठलाही मासा कापूसच होणार. घरी करायचं झालं तर आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचा, सकाळी पाणी निथळून कोरडा पुसायचा आणि तवा चांगला तापल्याशिवाय टाकायचा नाही, म्हणजे चिकटत पण नाही.

बंदरावरचो
मस्कतवाले, बरोबर आहे तुमचं, पण मग बोर्डावर "फ्रोझन" लिहायला काय होतं? दर मात्र ताज्याचा.

मडगावचें_चेडूं
आमच्या गोव्यात 2018 च्या जुलैत मडगावच्या घाऊक मार्केटात फॉर्मेलिनचं प्रकरण झालं होतं ते आठवतंय का कोणाला? बाहेरून येणाऱ्या मासळीवर सरकारने काही दिवस बंदी घातलेली. माझ्या सासूबाईंनी तेव्हा जे मार्केटचं इसवण (म्हणजे तुमची सुरमई) सोडलं ते पावसात आजपण आणत नाहीत, दाराशी येणाऱ्या बाईकडून तिसऱ्या (म्हणजे शिंपल्या) नाहीतर खाडीचं जे मिळेल ते. टुरिस्ट मात्र भर पावसात किंगफिश थाळी मागतात आणि फोटो काढतात. असो.

खरं सांगायचं तर पावसातली तिसऱ्यांची कढी आणि सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर यापुढे मला इसवण नकोच वाटतं. सुंगटं खोबऱ्याबरोबर चुरायची, कांदा, चिंच, झालं. कुठल्या थाळीत देत नाहीत फारसं, मागून घ्यावं लागतं.

वसईची_वहिनी
घरी आणायचे असतील तर सांगते, माहेर कोळीवाड्यातलं आहे. डोळे वर आलेले आणि काचेसारखे हवेत, आत गेलेले पांढुरके नकोत. कल्ला उचलून बघायचा, लाल हवा, आणि लाल असला तरी बोट लावून वास घ्या कारण रंगाचा भरवसा नाही. अंगावर बोट दाबलं की खळगा राहता कामा नये. पापलेट कल्ल्यापाशी दाबलं की पांढरं पाणी यायला पाहिजे, लालसर आलं की ठेवा खाली. आणि तळहाताएवढी पापलेटं घेऊ नका हो, 2023 पासून तो आपला राज्यमासा आहे, पिल्लंच खाल्ली तर पुढे काय खाणार. खेकडे हातात घेऊन वजन बघा, दिसायला मोठा आणि हाताला हलका म्हणजे आत पाणी. आमच्याकडे अमावास्येच्या आसपासचे खेकडे भरलेले मानतात, पौर्णिमेचे पोकळ.

आणि मासेवालीशी भाव करा पण माशाला बोटं लावून लावून शेवटी न घेता जाऊ नका, पुढच्या वेळेला ती तुम्हाला बरोबर खालचा देते, आणि तिचं काही चूक नाही.

आगळवेगळी
सोलकढीचं कोणीच बोलेना म्हणून मी. उजनीकर, सोलकढी गॅसवर ठेवायचीच नाही. कोकम आंबट, त्यात नारळाचं दूध, वरून उष्णता, की फुटलीच. आईंना गार नको असेल तर नारळ वाटतानाच कोमट पाणी घाला, दूध कोमट निघतं, आणि आगळ पण खोलीच्या तापमानाचं असू द्या, फ्रीजमधून थेट नको. मग जेवायच्या आधी पाच मिनिटं करायची. अगदीच थंड झाली तर भांडं गरम पाण्यात ठेवून हलवत राहा, त्यापुढे जाऊ नका.

दुसरं म्हणजे आगळ सरळ घट्ट दुधात ओतू नका. आधी आगळात पाणी घालून पातळ करायचं, त्यात लसूण मिरचीचं वाटलेलं, मग दूध हळूहळू घालत ढवळायचं. बाटलीतल्या आगळात मीठ असतंच, चाखल्याशिवाय वरून मीठ घालायचं नाही, नाहीतर समुद्र होतो. फ्रीजमध्ये ठेवल्यावर वर जो पांढरा थर येतो ती फुटलेली नाही, नारळाचं तेल गोठतं, अर्धा तास बाहेर ठेवून घुसळली की परत जशीच्या तशी. डब्यातलं नारळाचं दूध वापरत असाल तर निम्मं पाणी घालावंच लागतं नाहीतर सोलकढी न होता खीर होते. आणि हॉटेलातली ती भडक गुलाबी असते ना, तिच्यात बऱ्याचदा बीट असतं, तो रंग घरी आणायला जाऊ नका. नारळ नसेल घरात तर नुसत्या कोकमाची फुटी कढी करा, मडगावच्या ताई सांगतील, ती भाताबरोबर गरम पण चालते कारण फुटायला आत काही नसतंच.

मडगावचें_चेडूं
हो चालते, फोडणीत लसूण ठेचून घाला आणि हिंग विसरू नका.

उजनीकर
सगळ्यांचे आभार, एवढं कळेल असं वाटलं नव्हतं. आई फुटी कढीवर खूश आहे, नारळ खवायचं कामच वाचलं म्हणते. बंदरावरचो, नारळी पौर्णिमेनंतर परत यायचा बेत आहे आणि आता तुम्ही सांगितलं तसंच विचारणार. एकच भीती, कोणी कर्ली पुढ्यात ठेवली तर? पुण्यात एका मित्राकडे खाल्ली होती, चव जबरदस्त पण काट्यांनी जीव काढला, मुलगी तर रडायलाच लागली.

बंदरावरचो
कर्ली मुलांना देऊच नका, मोठ्यांनी सुद्धा गप्पा मारत खायचा मासा नाही तो. लाइट गेलेली असताना तर अजिबात नको, आणि पावसात आमच्याकडे ती जातेच. हॉटेलात असेल तर कर्लीच्या वड्या करून देणार का विचारा, मांस खरवडून काटे काढून करतात, वेळ लागतो म्हणून आदल्या दिवशी सांगावं लागतं. बहुतेक जण नाही म्हणतील. एखादी काकू हो म्हणाली तर मला पण कळवा, कारण माझी बायको गेली दोन वर्षं नाहीच म्हणते.