घरपट्टीसोबत ग्रंथालय कर: हवा की नको?

चावडीवाचक:
आमच्या गावचं वाचनालय 'ड' वर्गातलं, म्हणजे अनुदानाच्या सगळ्यात खालच्या श्रेणीतलं. मी चिटणीस, अर्थात बिनपगारी. वर्षाचं अनुदान ४८,००० रुपये. २०२२ मध्ये ६० टक्के वाढ मिळाली म्हणून इतकं तरी, आधी ३०,०००च होतं. महिन्याला ४,००० धरा. त्यात ग्रंथपालाचं मानधन, वीज, पेपर आणि उरलंच तर पुस्तकं. हप्ता लांबला की पेपरवाल्याचं बिल माझ्या खिशातून. गेल्या पावसाळ्यात मागच्या कपाटाला वाळवी लागली. जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा उचलायला गेलो, तर हातात नुसता भुगा.

आपल्या महाराष्ट्राच्या १९६७च्या ग्रंथालय कायद्यात कराची तरतूदच नाही. तामिळनाडूत मालमत्ता करावर १० टक्के घेतात, कर्नाटकात ६. आपल्याकडे काय हरकत आहे?

घरपट्टी_भरणारा:
हरकत आहे. बिलात आधीच शिक्षण कर, वृक्ष कर, अजून काय काय. त्यात आणखी एक रकाना? आणि वाचतंय कोण? आमच्या इथल्या वाचनालयात पोरं स्पर्धा परीक्षेची स्वतःची पुस्तकं घेऊन येतात. त्यांना हवी खुर्ची आणि पंखा. शिवाय अनुदानित वाचनालयांची २०१२ची पडताळणी विसरलात? महसूल खात्याची माणसं दारात गेली तेव्हा कुठे पाटी होती आणि पुस्तकं नव्हती.

चावडीवाचक:
विसरलो नाही, ते भोगलंय आम्ही. त्या बोगसांपायी नवी मान्यताच वर्षानुवर्षे थांबली, शेजारच्या वाडीची फाइल त्यातच अडकली. आणि खुर्ची-पंख्याचं म्हणाल तर एका खोलीत सहा माणसं राहतात त्या घरातल्या पोरानं अभ्यास करायचा कुठे? बसू दे की.

काठावरची:
माझाही विरोध, पण कारण वेगळं. ज्याचा पैसा, त्याची यादी. आताही पुस्तकांची शासनमान्य यादी असतेच. डिसेंबर २०२२ मध्ये, माओवादी असल्याच्या आरोपाखाली तुरुंगात राहिलेल्या कोबाड गांधींच्या पुस्तकाच्या मराठी अनुवादाला राज्य पुरस्कार जाहीर झाला आणि आठवड्याभरात सरकारनेच तो रद्द केला. उद्या कराचे पैसे नगरपालिकेतून येणार, म्हणजे कुठलं पुस्तक कपाटात राहील ते सभापती ठरवणार.

मुक्काम_चेन्नई:
इथला अनुभव सांगतो. कोट्टूरपुरमचं अण्णा शताब्दी ग्रंथालय २०१० मध्ये उघडलं. पुढच्याच वर्षी सरकार बदललं आणि तिथे मुलांचं हॉस्पिटल करायचं ठरलं. प्रकरण हायकोर्टात गेलं, स्थगिती मिळाली, ग्रंथालय अजून तिथेच आहे. म्हणजे कर असला म्हणून सरकारची ढवळाढवळ थांबत नाही, हे काठावरची यांचं खरं. पण कर नसलेल्या महाराष्ट्रात तरी ती कुठे थांबते?

घरपट्टी_भरणारा:
कर्नाटकचंही सांगा ना. कर वसूल व्हायचा, पण बंगळुरू महापालिका तो ग्रंथालय खात्याकडे वेळेवर वळता करत नव्हती. थकबाकीच्या बातम्या वारंवार यायच्या.

चावडीवाचक:
हा मुद्दा मान्य. पैसा वेगळ्या खात्यात जावा आणि महिन्याभरात पोचावा, हे कायद्यातच हवं. नाहीतर त्या पैशानेही रस्त्यातले खड्डेच बुजवतील (तेही धड नाही).

काठावरची, यादीबद्दल मात्र एक सांगतो. आमच्याकडे मागणीवही आहे, वाचकांना हवं ते पुस्तक त्यात लिहायचं. दहावीतल्या एका मुलीनं पाळीविषयीचं पुस्तक मागितलं होतं. कुणीतरी त्यावर लाल पेनाने काट मारली.

काठावरची:
कुणी? सरकारने?

चावडीवाचक:
नाही. आमच्याच कार्यकारिणीतल्या एकाने. 'असलं कशाला' म्हणाला.

काठावरची:
मग? घेतलं का ते पुस्तक?

चावडीवाचक:
घेतलं. माझ्या पैशाने. अनुदानातून घ्यायचं तर ठराव लागला असता, आणि ठरावावर सही त्याचीच. दाखल नोंदवहीत 'भेट' म्हणून चढवलंय. दोन महिने झाले, कपाटात काही दिसत नाही. सारखं कुणाच्या तरी घरी असतं.