पार्किन्सन्सच्या गोळ्या कमी किंवा बंद करताना : तुमचा अनुभव लिहा

मुलगी, गंगापूर रोड (धागा सुरू करणारी)

आईला पार्किन्सन्स होऊन दहा-बारा वर्षं झाली. दिवाळीपासून तिन्हीसांजेला दारात कोणी नसताना तिला लहान मुलं उभी दिसतात. "त्यांना लाडू दे गं," म्हणते. घाबरत नाही, पण परवा त्यांच्यामागे जिन्यापर्यंत गेली. सिंडोपा, प्रॅमिपेक्सोल, अमॅन्टाडीन आणि पॅसिटेन अशा चार गोळ्या चालू आहेत. मामा म्हणतात, गोळ्यांनीच हे होतंय, सगळ्या बंद करा. न्यूरोंची (मेंदूविकारतज्ज्ञ डॉक्टरांची) वेळ पुढच्या आठवड्यात आहे. त्याआधी मला शुभार्थींकडून (म्हणजे रुग्णांकडून) आणि शुभंकरांकडून (त्यांना सांभाळणाऱ्यांकडून) ऐकायचंय. गोळी कमी केलीत का? कोणती, कोणाच्या सांगण्यावरून, आणि पुढे काय झालं? डोसचे आकडे मात्र कृपया लिहू नका. एकाचा डोस दुसऱ्याने उचलायला वेळ लागत नाही. बाकी सगळं लिहा, फसलेलंही.

मुलगा, पिंपळगाव बसवंत

ताई, सगळ्या एकदम बंद करू नका, हे आधी सांगतो.

आमच्या नानांना कोणीतरी पुडी दिली आणि इंग्रजी गोळी सोडायला सांगितली. बागेत खुडा चालू होता, घरात दिवसभर कोणी नसायचं. आम्हाला कळेपर्यंत त्यांनी सिंडोपा सोडून दिली होती. आधी कूस बदलता येईना, मग घास गिळता येईना. मग सपाटून ताप, अंग लाकडासारखं कडक आणि बडबड. आम्हाला वाटलं डेंग्यू. नाशिकला आणलं तर आयसीयूतल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पार्किन्सन्सची गोळी तुटली का?" गोळी अचानक थांबली की असा ताप येऊ शकतो, स्नायूंची मोडतोड होते, त्याचा भार किडनीवर येतो, जीवही जाऊ शकतो, असं त्यांनी सांगितलं. नाकातल्या नळीतून गोळी परत सुरू केली. नाना वाचले. आता काठी घेऊन बांधापर्यंत जातात.

पुडीत खाजकुहिलीचं बी होतं. त्या बियांत लेव्होडोपाच असतो, म्हणजे सिंडोपातलं मुख्य औषध. पण पुडीत तो किती, हे कोणी मोजलेलं नसतं. शिवाय सिंडोपात जोडीला कार्बिडोपा असतो, त्यामुळे औषध वाटेतच न संपता मेंदूपर्यंत जास्त पोचतं. पुडीत तो नाही. हे सगळं आम्हाला नंतर समजलं. कोणाला पुडी घ्यायचीच असेल तर न्यूरोंना दाखवून घ्या. लपवून घेऊ नका.

पत्नी, नाशिकरोड

आमच्याकडे प्रॅमिपेक्सोल बंद करावी लागली. सविस्तर लिहिते, कारण आम्हाला हे असं लिहिलेलं कुठे वाचायला मिळालं नव्हतं.

हे प्रेसमधून निवृत्त झाले. जन्मात पत्त्यांना हात न लावलेला माणूस, पण रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर रमी खेळायला लागले. पैसे जायला लागले. विचारलं की चिडायचे. मुलाला वाटलं, रिकामपण खायला उठलंय. तपासणीच्या वेळी न्यूरोंनीच सहज विचारावं तसं विचारलं, "खरेदी, जुगार, गोड खाणं, काही अचानक वाढलंय का?" हे खाली मान घालून बसले. या जातीच्या गोळ्यांनी काही जणांना अशी अनावर ओढ लागते आणि त्यात माणसाच्या चारित्र्याचा काही संबंध नसतो, हे डॉक्टरांनी यांच्याकडे बघून सांगितलं. त्या वाक्यासाठी मी त्यांची ऋणी आहे.

गोळी टप्प्याटप्प्याने उतरवायची ठरली. पहिल्या दोन पायऱ्या ठीक गेल्या. मग एकदम घाम, छातीत धडधड, उगाच रडू यायचं, "मला ती गोळी परत द्या" म्हणून हात धरायचे. सिंडोपा थोडी वाढवून ताठरपणा कमी झाला, पण ही तगमग जाईना. ही गोळी सुटताना काहींना असं होतं, हे डॉक्टरांना माहीत होतं. त्यांनी उतरण्याचा वेग आणखी कमी केला. काही महिने लागले. रमी सुटली. चाल पूर्वीपेक्षा किंचित मंद आहे, ती आम्ही स्वीकारली. एकमेकांवरचा विश्वास परत यायला मात्र गोळी उतरण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

मुलगी, गंगापूर रोड

काकू, मनापासून आभार. आईला "तुझ्या गोळ्या कमी करायच्या आहेत" हे सांगायचं कसं, याची मला भीती वाटते. तिला वाटेल, आता आपले हातपाय थांबणार.

पत्नी, नाशिकरोड

तिच्यासमोरच बोला, तिच्या मागे नको. कोणता त्रास तिला जास्त नकोसा वाटतो, हात थरथरणं की मुलं दिसणं, ते तिलाच विचारा. यांना विचारलं तेव्हा यांनी "रमी" म्हटलं, कंप नाही.

शुभार्थी, देवळाली कॅम्प

माझं उलटं आहे. निदान नवं, आणि मी गोळी सुरूच करायची नाही असं ठरवलं होतं. 'लवकर घेतली की तिचा असर लवकर संपतो' हे सगळीकडे ऐकलेलं. डॉक्टरांनी 2019 साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. 445 रुग्ण होते. निम्म्यांना लेव्होडोपा लगेच, निम्म्यांना 40 आठवड्यांनी. 80 आठवडे संपल्यावर दोन्ही गटांच्या आजारात लक्षणीय फरक नव्हता. म्हणजे लवकर घेऊन आजार वाढला नाही, आणि थांबलाही नाही. मग सदऱ्याची बटणं लावायला रोज झगडत थांबायचं कशासाठी? सुरू केली. गोल्फ क्लब मैदानाच्या फेऱ्या परत चालू झाल्या आहेत.

सून, सिडको

आमच्या सासूबाईंची सिंडोपा पूर्ण बंद झाली, पण लगेच हुरळू नका, कारण त्यांना पार्किन्सन्स नव्हताच. ॲसिडिटीची कॅप्सूल त्या वर्षानुवर्षं घेत होत्या, दुकानातून परस्पर. तिच्यात लेव्होसल्पिराइड होतं. चक्कर येते म्हणून सिनॅरिझिनही चालू. दोन्ही औषधांनी पार्किन्सन्ससारखा कंप आणि ताठरपणा येऊ शकतो. दुसऱ्या न्यूरोंनी घरातली सगळी पाकिटं मागवली, आधी ही दोन थांबवली, काही महिने वाट पाहिली, मग सिंडोपा हळूहळू उतरवली. आज त्या स्वतः पोळ्या लाटतात. पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा, चष्मा लावून वाचा.

निवृत्त परिचारिका, पंचवटी

ऑपरेशनच्या वेळी नकळत गोळी बंद होते, ते कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. 'तोंडाने काही नको' म्हटलं की पार्किन्सन्सची गोळीही चुकते. भरती होतानाच भूलतज्ज्ञांना गोळ्यांच्या वेळा लिहून द्या आणि सकाळची गोळी कशी द्यायची ते विचारा. उलटीसाठी पेरिनॉर्म किंवा स्टेमेटिल या रुग्णांना देऊ नये, तेही त्याच कागदावर लाल शाईने लिहा. वॉर्डात धावपळ असते, आठवण करून द्यायला लाजू नका.

मुलगा, इंदिरानगर

बाबांना उठलं की चक्कर यायची. आम्ही सिंडोपा कमी करायची म्हणत होतो. डॉक्टरांनी झोपवून आणि उभं करून बीपी मोजलं आणि कमी केली ती बीपीची गोळी. एवढंच.

मुलगी, मखमलाबाद

भाऊ, म्हणजे माझे वडील, शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होते. ओळखायचे कधी, कधी नाही. सगळे म्हणायचे, आता कशाला एवढ्या गोळ्या घशाखाली ढकलायच्या. मलाही त्यांचे हाल बघवत नव्हते. डॉक्टरांसोबत बसून एकेक गोळी काढली. कोलेस्टेरॉलची, जीवनसत्त्वांची, मग रासाजिलीन ही पार्किन्सन्सची गोळी. सिंडोपा ठेवली, साधी गोळी कुटून पाण्यात. लांबणाऱ्या असराची गोळी कुटायची नसते, म्हणून ती बदलून घेतली. ती चालू होती तोवर अंग पुसताना भाऊंचा हात उघडायचा, कूस वळवताना ते कण्हायचे नाहीत. बरं करण्यासाठी नसली तरी ती गोळी त्यांच्या कामाची होती. मला ते पटायला वेळ लागला, भांडणंही झाली घरात.

मुलगी, गंगापूर रोड

न्यूरोंना भेटून आलो. गोळ्यांना हात लावण्याआधी त्यांनी लघवी आणि रक्त तपासायला सांगितलं. लघवीत संसर्ग निघाला, त्यानेही भास वाढतात म्हणे. त्यावर उपचार चालू आहेत. मग क्रम ठरला. आधी पॅसिटेन हळूहळू उतरवायची, कारण या वयात तीच डोक्यात जास्त गोंधळ घालते. गरज पडली तर त्यानंतर अमॅन्टाडीन, मग प्रॅमिपेक्सोल. सिंडोपाला सगळ्यात शेवटी हात. आईला समोर बसवून विचारलं. ती म्हणाली, "मुलं आली तर येऊ देत, मला चालता आलं पाहिजे." डॉक्टरांनी ते केसपेपरवर लिहिलं.

मामांना मी पिंपळगावच्या दादांचा अनुभव वाचून दाखवला. आता तेच जिन्याला दार बसवून देत आहेत.

सून, सिन्नर

ताई, रोजची नोंद कशी ठेवता? आमचीही पॅसिटेन उतरवायची आहे.

मुलगी, गंगापूर रोड

वहीत रोज एक पान. गोळीची वेळ, जेवणाची वेळ, कधी अंग मोकळं होतं आणि कधी आखडतं, झोप, पोट साफ झालं का, आणि मुलं दिसली का. एका वेळी एकच बदल, म्हणजे कशाने काय झालं ते कळतं. पानाचा फोटो टाकते संध्याकाळी.