ऑटोकॅडमध्ये स्क्रिप्टने काढलेले वर्तुळ चुकीच्या जागी जाते

प्रश्न: मी ऑटोकॅड या आरेखनाच्या संगणक-प्रणालीसाठी एका एससीआर फाइलमध्ये (ओळीने चालणाऱ्या आज्ञांची फाइल, म्हणजेच स्क्रिप्ट) १०० बाय ६० चा आयत आणि त्याच्या कोपऱ्यापासून थोडे आत ५ त्रिज्येचे वर्तुळ काढण्याच्या आज्ञा लिहिल्या आहेत. निर्देशांक अचूक असूनही, चित्र लहान करून पाहत असताना स्क्रिप्ट चालवल्यास वर्तुळाचा केंद्रबिंदू थेट कोपऱ्यावर जाऊन बसतो. असे का होते?

उत्तर १: हा ऑब्जेक्ट स्नॅपचा, म्हणजे दिलेला बिंदू पडद्यावर जवळ दिसणाऱ्या कोपऱ्यासारख्या बिंदूला आपोआप चिकटवणाऱ्या सोयीचा, परिणाम आहे. ऑस्नॅपकोऑर्ड या चलाचे (ऑटोकॅडची एखादी सेटिंग साठवणाऱ्या नावाचे) मूळ मूल्य २ असते. त्यामुळे कीबोर्डवरून दिलेल्या निर्देशांकांना स्नॅपपेक्षा प्राधान्य मिळते, परंतु स्क्रिप्टला मात्र त्यातून वगळलेले आहे (हा अपवाद कोणाच्या सोयीसाठी ठेवला, हे कोडेच आहे). ते मूल्य १ करावे, अथवा स्क्रिप्टच्या आरंभी ऑसमोड (कोणते स्नॅप चालू आहेत हे ठरवणारे चल) ० करावा. शिवाय स्क्रिप्टमधील प्रत्येक रिकामी जागा एंटरप्रमाणे वाचली जाते, याकडेही लक्ष असू द्यावे.

प्रश्नकर्ता: मूल्य १ केल्यावर वर्तुळ योग्य जागी आले. मात्र ही फाइल इतरांनी चालवल्यास त्यांच्याकडील हे सेटिंगही बदलेल ना?

उत्तर २: बदलेल, म्हणून जुने मूल्य गेटव्हारने (चलाचे मूल्य वाचणारे फंक्शन) वाचून वेगळ्या चलात ठेवावे आणि शेवटी सेटव्हारने (मूल्य बदलणारे फंक्शन) परत द्यावे. आकारांची संख्या मोठी असेल, तर माझ्या मते ऑटोलिस्प या ऑटोकॅडमधील प्रोग्रामिंग भाषेतील एन्टमेक हे फंक्शन अधिक योग्य ठरते, कारण ते आज्ञा न चालवता वस्तूची नोंद थेट आरेखनाच्या माहितीसाठ्यात करते, आणि म्हणून त्यावर स्नॅपचा किंवा झूमचा परिणाम होत नाही. या नोंदीत प्रत्येक माहितीला क्रमांकाचा संकेत असतो; वर्तुळासाठी संकेत १० मध्ये केंद्र आणि ४० मध्ये त्रिज्या द्यावी.