ऐतिहासिक शहरातील वस्तीला उत्तम वाहतूक तारते की रिकामी करते?

धागाकर्ता: जुन्या शहराच्या तटबंदीलगतच्या निवासी वस्तीत मी अकरा वर्षे राहत आहे. मेट्रोचे स्थानक पायी सहा मिनिटांवर आहे आणि बस कोपऱ्यावरच मिळते. माझ्या आईला गुडघ्यांमुळे एक जिना उतरायलाही पाच मिनिटे लागतात, तरी ती आजही दवाखान्यात एकटी जाऊन येते, ते केवळ या सोयीमुळे. ही सोय नसती तर आम्ही हे घर केव्हाच सोडले असते. जुन्या वस्त्यांत माणसे टिकवायची असतील, तर आधी त्या उर्वरित शहराशी नीट जोडल्या पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १: मी पूर्णपणे असहमत आहे. रहिवासी ज्या गाडीने ये-जा करतात, त्याच गाडीने पर्यटकही येतात आणि त्यांच्यामागोमाग भाडेवाढ येते. आमच्या इमारतीच्या दारापाशी आकडे जुळवून उघडणाऱ्या पाच छोट्या पेट्या लागल्या आहेत; पर्यटकांना भाड्याने दिलेल्या घरांच्या किल्ल्या त्यांत असतात. त्या पाचही घरांत पूर्वी कुटुंबे राहत होती. आता पहाटे फरसबंदीवरून चाकांच्या बॅगा खडखडत जातात. व्हेनिसच्या जुन्या शहरात १९५१ साली सुमारे पावणेदोन लाख लोक राहत होते. २०२२ मध्ये ती संख्या पन्नास हजारांखाली गेली.

धागाकर्ता: व्हेनिसचा दाखला तुमच्याच विरुद्ध जातो. तेथे रेल्वेचा पूल १८४६ मध्ये आणि मोटारींचा १९३३ मध्ये झाला, म्हणजे १९५१ साली ते शहर मुख्य भूमीशी जोडलेले असूनही भरलेले होते. दोष घरांच्या वापरावर बंधन नसण्याचा आहे. बार्सिलोनाच्या महापौरांनी २०२४ मध्ये जाहीर केले की, पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या सुमारे दहा हजार घरांचे परवाने २०२८ नंतर चालू ठेवले जाणार नाहीत. बंधन घालायचे ते असे, घरांवर.

प्रतिसाद २: पूल होते म्हणूनच तर समोरच्या मुख्य भूमीवरील मेस्त्रे येथे राहून व्हेनिसमध्ये कामाला येणे शक्य झाले! १९६६ च्या महापुराने तळमजले खराब झाले, तेव्हा लोकांना जायला जवळचा, कोरडा आणि स्वस्त पर्याय तयार होता. जोडणी माणसांना आणते तशी बाहेरही नेते, हे आपण लक्षात घेतलेले नाही.

प्रतिसाद ३: जोडणी कोणत्या वाहनाची, हे येथे कोणीच विचारलेले नाही. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेनने १९७७ मध्ये शहराच्या मध्यभागाचे चार भाग केले आणि एका भागातून दुसऱ्यात मोटारीने थेट जाणे बंद केले. बेल्जियममधील गेंटने २०१७ मध्ये तसेच केले. मोटारीला बाहेरच्या वळणरस्त्याने जावे लागते, पण चालणाऱ्याला आणि सायकलस्वाराला वाट सरळ आहे. मला हेच पटते, कारण अरुंद गल्लीत वाहनांना वाट देत भिंतीला चिकटून चालणे म्हणजे काय, हे लहान मुलाचा हात धरून तेथून रोज जाणाऱ्यालाच कळते.

प्रतिसाद १: गल्ली शांत झाली की घर अधिक हवेसे वाटते आणि भाडे आणखी चढते. यावर मला एकच उपाय पटतो, तो इटलीतील बोलोन्याचा. त्या शहराने १९७० च्या दशकात जुन्या केंद्रातील मोडकळीस आलेली घरे सार्वजनिक खर्चाने दुरुस्त करून तेथील कमी उत्पन्नाच्या रहिवाशांनाच राहायला देण्याची योजना आखली.

धागाकर्ता: बोलोन्याचा मुद्दा मला मान्य आहे. मात्र दुरुस्त झालेल्या त्या घरातून माझ्या आईसारख्या बाईला दवाखान्यात नेणारी बस कोपऱ्यावर असलीच पाहिजे, ही मागणी मी मागे घेणार नाही.