अपघाताच्या पेशंटमध्ये हमखास नजरेतून सुटणाऱ्या जखमा कोणत्या?

नवा_सीएमओ: कॅज्युअल्टीत सीएमओ (कॅज्युअल्टी मेडिकल ऑफिसर) म्हणून नुकती ड्यूटी सुरू झालीय. श्वास, रक्तस्राव, शुद्ध हे क्रमाने तपासतो. पण धडकेच्या प्रकारावरून जखमा ओळखायच्या कशा? सोबत आलेल्यांना नेमकं काय विचारायचं?

हाडांचा_डॉक्टर: ‘ॲक्सिडेंट झाला’ एवढ्यावर थांबू नका. धडक समोरून की बाजूने, पेशंट कुठे बसला होता, सीट बेल्टचा पट्टा होता का, बाहेर फेकला गेला का, हे विचाराच.

पुढच्या सीटवरच्या माणसाचा गुडघा खरचटलेला दिसला की तोच पाय वरपर्यंत तपासा. गुडघा डॅशबोर्डवर आदळला की जोर मांडीच्या हाडातून थेट खुब्यात जातो. गुडघ्याची वाटी फुटते, पीसीएल (गुडघ्यातला मागचा लिगामेंट) तुटतो, मांडी मोडते किंवा खुबा मागे निखळतो. मागे निखळलेल्या खुब्याचा पाय आखूड आणि आत वळलेला दिसतो, पण मांडीही मोडली असेल तर ही ठेवण दिसतच नाही. गफलत होते ती इथेच. म्हणून मांडीच्या एक्स-रेत खुबा आणि गुडघा दोन्ही आले पाहिजेत, शिवाय पेल्व्हिसचा (कमरेखालच्या हाडांच्या कड्याचा) वेगळा काढायचा. खुब्याच्या मानेची (मांडीच्या हाडाच्या गोल टोकाखालच्या भागाची) बारीक चीर साध्या फिल्मवर लपते, ती सीटीच्या पातळ कापांत शोधा. निखळलेला खुबा शक्यतो 6 तासांच्या आत बसवा, नाहीतर चेंडूचा (त्या गोल टोकाचा) रक्तपुरवठा जाण्याचा धोका वाढतो. बसवण्याआधी आणि नंतर पाऊल वर उचलता येतं का, ते केसपेपरवर लिहा. पायाकडे जाणारी सायटिक नस तिथेच मागे असते.

सर्जन_ऑन_कॉल: पोटावर पट्ट्याचा आडवा वळ असेल तर पहिली सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून घरी सोडू नका. आतडं फाटलं तरी सुरुवातीला पोटात फारसं पाणी दिसत नाही. भरती करा, पोट पुन्हा पुन्हा तपासा आणि कमरेच्या मणक्याचीही खात्री करा.

दुचाकीस्वाराच्या पोटात हँडल घुसलं तर यकृत, प्लीहा, स्वादुपिंड यांना इजा होते. पेट्रोलच्या टाकीवर आदळला तर पेल्व्हिस उघडते. बाइंडर (पेल्व्हिस आवळून धरणारा पट्टा) कमरेला बांधलेला बऱ्याचदा दिसतो. तो खाली, ट्रोकँटरच्या (मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला बाहेरून लागणाऱ्या उंचवट्याच्या) पातळीवर हवा. मांडीच्या बंद (कातडी न फाटलेल्या) फ्रॅक्चरमध्ये एक ते दीड लिटर रक्त आतच साचू शकतं, बाहेर थेंबही दिसत नाही. हात लुळा पडला असेल तर ब्रॅकियल प्लेक्सस (मानेतून हातात जाणाऱ्या नसांचं जाळं) आठवा.

ट्रॉमा_नर्स: पायी चालणाऱ्याचं राहिलंच. मोठ्या माणसाला बंपर नडगीवर किंवा गुडघ्यावर लागतो, मग तो बॉनेटवर, काचेवर आणि शेवटी रस्त्यावर पडतो. म्हणून नडगी मोडलेली दिसली तरी डोकं आणि मान आधी. लहान मुलाला तोच बंपर मांडीवर, पोटावर बसतो.

नवा_सीएमओ: आणि पेशंट बेशुद्ध असेल तर?

हाडांचा_डॉक्टर: मग दुखतंय कुठे हे सांगणारा कोणीच नाही. 24 तासांत, आणि शुद्धीवर आल्यावर पुन्हा एकदा, डोक्यापासून पायापर्यंत नव्याने तपासा. मनगट, हाताची बोटं, पाऊल यांतली छोटी फ्रॅक्चर्स तेव्हाच हाती लागतात.